नववीतली ती मुलगी मुलींच्या ४०० मीटरमध्ये धावू शकते का? एका पी.टी. सरांना उत्तर

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नागपूर जिल्ह्यातल्या एका शाळेत पी.टी. शिकवता. नववीतली तुमची एक विद्यार्थिनी जन्मदाखल्यावर मुलगा आहे, पण गेली दोन वर्षं मुलगी म्हणून राहते. घरच्यांनी ते स्वीकारलंय, वर्गातल्या मुलींनीही. वय साडेचौदा. तिला १७ वर्षांखालील मुलींच्या ४०० मीटरमध्ये उतरायचंय. हे कळल्यावर दोन मुलींच्या आया तुमच्याकडे आल्या आणि एकीने तोंडावर विचारलं, "सर, पोरगा हाय ना तो, मंग पोरींत काऊन धावते?" तुम्हाला उत्तर सुचलं नाही. आता तुम्ही विचारताय की बरोबर कोण, आणि प्रवेशिका कुठल्या गटात भरू?

मी स्वतः विद्यापीठाकडून ८०० मीटर धावायचे. गेली चोवीस वर्षं नागपुरात मुलामुलींना धावायला शिकवते, आधी रविनगरच्या मैदानावर, आता मानकापूरच्या ट्रॅकवर. स्पर्धांमध्ये वेळ घेणारी पंच म्हणूनही खूप उन्हं अंगावर घेतली आहेत. डॉक्टर नाही, वकीलही नाही. त्यामुळे जे सांगेन ते ग्राउंडवरून सांगेन.

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्याचं शरीर मुलगा म्हणून वयात आलंय, त्या खेळाडूने पदक, क्रीडा गुण आणि पुढची नोकरी जिथे ठरते अशा स्पर्धेत मुलींच्या गटात धावू नये, असं मला वाटतं. हे मत मी सहज बनवलेलं नाही, आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते तेही मला माहीत आहे. पण तुमच्या विद्यार्थिनीला ते कितपत लागू होतं, हे तिचं शरीर आज कुठल्या टप्प्यावर आहे यावर अवलंबून आहे. आणि लागू होत असलं, तरी तिला मैदानातून हाकलायचा हक्क त्यातून कोणालाच मिळत नाही.

तुमच्याकडे आलेल्या आया आणि ती मुलगी, दोन्ही बाजू एकाच गोष्टीवर भांडताहेत: ती "खरी" मुलगी आहे की नाही. माझ्या मते इथेच गाडी रुळावरून घसरते. तिचं आयुष्य, तिचं नाव, तिला कसं हाक मारायची, वर्गात ती कुठे बसते, यात ती स्वतःला मुलगी म्हणते एवढं पुरेसं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. मैदानावरचा "मुलींचा गट" मात्र ओळख विचारत नाही, तो शरीर विचारतो. कुस्तीत ७४ किलोच्या मल्लाला ५७ च्या गटात उतरू देत नाहीत, तेव्हा तू खरा मल्ल नाहीस असं कोणी त्याला म्हणत नाही. १७ वर्षांखालच्या गटात एकोणीस वर्षांचा मुलगा खोटा दाखला आणून घुसला तर आपण चिडतो, कारण त्या दोन वर्षांत शरीर काय होतं हे आपण डोळ्यांनी बघितलंय. मुलींचा गटसुद्धा असाच शरीराच्या फरकासाठी पाडलेला आहे. तो नसता तर मी आयुष्यात एकही पदक घेतलं नसतं.

हा फरक मला पुस्तकात कळला नाही. रविनगरला माझ्या बॅचला एक मुलगी आणि तिचा मामेभाऊ एकत्र यायचे. दोघंही बारा वर्षांचे. ३०० मीटरला ती त्याला चार-पाच मीटरने मागे टाकायची, आणि तो रडकुंडीला यायचा. ती मेहनती; मे महिन्यातही साडेपाचला हजर, स्पाइक्सच्या पिना स्वतः बदलणारी. तो आठवड्यातून तीनदा यायचा, उरलेले दिवस क्रिकेट. सोळाव्या वर्षी एका सकाळी दोघांची ४०० ची वेळ घेतली. तिची ६२ सेकंद, त्याची ५४. ती लाइनीच्या पलीकडे गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली आणि मला म्हणाली, "मॅडम, माझं काय चुकून राहिलं?" काहीच चुकत नव्हतं. चार वर्षांत त्याची उंची, फुप्फुसं, हृदय, मांडीचे स्नायू, रक्तातलं हिमोग्लोबिन, सगळं टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनने वाढवलं होतं. तिने चार वर्षं घाम गाळून जे मिळवलं, ते त्याला वयात येताना आपोआप मिळालं.

वरच्या पातळीवर हेच आकडे बघा. ४०० मीटरचा महिलांचा विश्वविक्रम ४७.६० सेकंद, १९८५ पासून अबाधित. पुरुषांचा ४३.०३, २०१६ चा. म्हणजे साधारण १० ते ११ टक्क्यांचा फरक. ऐकायला छोटा वाटतो. पण ४७ सेकंदांत आपल्या देशातली ज्युनियर मुलंही धावतात, आणि जगातली एकही बाई अजून ४७.६० च्या खाली गेलेली नाही. उड्यांमध्ये हा फरक आणखी मोठा, वजन उचलण्यात त्याहून मोठा. निरोगी पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन लिटरमागे साधारण ८ ते २९ नॅनोमोल असतं, बहुतेक स्त्रियांमध्ये २ पेक्षाही कमी. मधे मोठी पोकळी आहे. वयात येण्याआधी मात्र मुलामुलींत असा फरक नसतो, म्हणून १० वर्षांची पोरं मी बिनधास्त एकत्र धावायला लावते.

आता खरा वादाचा मुद्दा: नंतर औषधाने टेस्टोस्टेरॉन खाली आणलं तर फायदा जातो का?

माझ्याकडे पोलीस भरतीच्या तयारीसाठी एक ट्रान्स तरुणी यायची, म्हणजे जन्मदाखल्यावर मुलगा, पण मुलगी म्हणून जगणारी. २०२२ च्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस भरतीत ट्रान्सजेंडर उमेदवारांसाठी सोय करा असं शासनाला सांगितलं, त्यानंतर ती धीर करून आली होती. नाव इथे घेत नाही. पहिल्या दिवशी ती कुंपणाच्या बाहेरच उभी होती, चप्पल घालून. मी आत बोलावलं तर म्हणाली, "मॅडम, बाकीच्यांना चालेल का?" मुलींना चाललं. आठवड्याभरात त्या तिला वेणी घट्ट बांधून द्यायला लागल्या. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हार्मोन घेत होती, आणि मी दर पंधरा दिवसांनी १६०० मीटरची वेळ लिहून ठेवायची. चार-पाच महिन्यांत तिचा दम स्पष्ट कमी झाला, शेवटच्या चारशेला ती पूर्वीसारखी उचलू शकेना. गोळाफेक मात्र फारशी कमी झाली नाही. उंची तीच, हाताची लांबी तीच, खांदा तोच.

एका व्यक्तीवरून नियम करता येत नाही, हे मला कळतं. पण अभ्यासांतूनही साधारण हेच चित्र दिसतं. हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत स्त्रियांच्या पातळीला येतं. स्नायू वर्षभरात थोडेच, पाचेक टक्के, कमी होतात, आणि ताकद बरीचशी टिकून राहते. अमेरिकेच्या हवाई दलातल्या नोंदींवरचा २०२० चा एक अभ्यास आहे. उपचाराला दोन वर्षं झाल्यावर ट्रान्स स्त्रियांचा पुशअप्समधला फायदा संपला होता, पण दीड मैल धावण्यात त्या इतर स्त्रियांपेक्षा अजूनही १२ टक्के वेगवान होत्या. उलट २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या मदतीने झालेल्या एका छोट्या अभ्यासात ट्रान्स स्त्री खेळाडूंची मुठीची पकड जास्त निघाली, पण वजनाच्या मानाने जागेवरून वर उडी मारण्याची उंची आणि ऑक्सिजन घेण्याची क्षमता इतर स्त्री खेळाडूंपेक्षा कमी निघाली. मोठं शरीर आणि कमी झालेलं इंजिन, असं काहीसं. म्हणून "सगळा फायदा राहतो" म्हणणाराही घाई करतो आणि "काहीच राहत नाही" म्हणणाराही. माझ्यापुरतं मी एवढं धरून चालते की हाडांची लांबी औषधाने परत जात नाही, आणि ४०० मीटरमध्ये ती कामाला येते.

जागतिक संघटनाही याच वाटेने फिरत आल्या. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकपासून शस्त्रक्रिया आणि दोन वर्षं हार्मोन ही अट होती. २०१५ मध्ये शस्त्रक्रियेची अट गेली, टेस्टोस्टेरॉन वर्षभर १० नॅनोमोलच्या खाली ठेवा एवढंच राहिलं. २०२१ च्या टोकियोत न्यूझीलंडची लॉरेल हबर्ड वजन उचलायला उतरली. जगभर गदारोळ झाला आणि तिची एकही उचल वैध ठरली नाही. पुढे २०२२ मध्ये जलतरण, मार्च २०२३ मध्ये ॲथलेटिक्स, जुलै २०२३ मध्ये सायकलिंग, नोव्हेंबर २०२३ मध्ये क्रिकेट, अशा संघटनांनी एकामागून एक ठरवलं की पुरुष म्हणून वयात आलेल्या खेळाडूला आंतरराष्ट्रीय महिला गटात प्रवेश नाही. जलतरणाच्या नियमात तर सरळ बारा वर्षांचा किंवा वयात येण्याच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्याचा उल्लेख आहे. माजी क्रिकेटपटू संजय बांगर यांची ट्रान्स मुलगी अनाया, तिचं क्रिकेट याच नियमापाशी अडलं. तिचं दुःख मी समजू शकते. ज्या मैदानावर लहानपण गेलं तिथलं दार बंद झालेलं बघणं सोपं नसतं.

प्रत्येक खेळात मात्र हे गणित सारखं नाही, आणि लोक हे विसरतात. बॉक्सिंगमध्ये प्रश्न पदकापुरता नसतो, समोरचीच्या जबड्याचा असतो. आपल्या नागपूरची अल्फिया पठाण ज्या वजनगटात लढली तिथे एक ठोसा काय करतो हे रिंगच्या जवळ उभं राहिल्यावर कळतं. तिथे मी नियम कडकच मागेन. आता बुद्धिबळ घ्या. २०२५ च्या जुलैत दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला तेव्हा अख्खं नागपूर नाचलं. पण बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने २०२३ मध्ये ट्रान्स स्त्रियांना महिला स्पर्धांतून बाहेर ठेवलं, ते मला पटलेलं नाही. तिथे महिला गट मुलींना पटापर्यंत आणण्यासाठी केलेला आहे, मांडीच्या हाडाचा तिथे काय संबंध? गट कशासाठी पाडला, हे आधी विचारलं की अर्धा वाद तिथेच मिटतो.

आता मी थोडी बाजूला जाते, पण हे सांगितल्याशिवाय माझं उत्तर पूर्ण होणार नाही.

मुलींच्या गटाचं रक्षण करायचं म्हणून लोक जे करतात, त्याने मी जास्त घाबरते. बऱ्याच वर्षांपूर्वी रामटेककडच्या एका खेड्यातली सोळा वर्षांची मुलगी माझ्याकडे होती. १५०० मीटर धावायची. उंच, काटक, आवाज भरड, केस बारीक कापलेले. एका स्पर्धेत तिने शर्यत जिंकली आणि दुसऱ्या संघाच्या कोणीतरी कुजबुज सुरू केली, "हा पोरगा आहे." मी वेळेच्या टेबलावर होते. कोणी लेखी हरकत घेतली नाही, डॉक्टर बोलावला नाही. दोन बायका तिला कपडे बदलायच्या खोलीत घेऊन गेल्या आणि "तपासून" बाहेर आणलं. निकाल कायम राहिला, कारण ती मुलगीच होती. बाहेर आल्यावर तिने स्पाइक्स प्लास्टिकच्या पिशवीत टाकले, पिशवीला दोन गाठी मारल्या आणि नागपूर येईपर्यंत बसच्या खिडकीकडे तोंड करून बसली. ती परत ग्राउंडवर आली नाही. मी घरी गेले तेव्हा तिची आई चहा देत एवढंच म्हणाली, "आता नको मॅडम." मी तेव्हा लेखी तक्रार केली नाही. करायला हवी होती.

आणि हे फक्त खेड्यातल्या मुलीचं होत नाही. तमिळनाडूच्या शांती सौंदराजनने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचं रौप्य जिंकलं आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेतलं. माझीच शर्यत, म्हणून ती बातमी मला आजही टोचते. पुढे तिला वीटभट्टीवर काम करावं लागलं. २०१४ मध्ये धावपटू द्युती चंदला, शरीरात टेस्टोस्टेरॉन नियमापेक्षा जास्त आहे म्हणून, राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून वगळलं. ती लढली आणि २०१५ मध्ये क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केला. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ ला अल्जीरियाची बॉक्सर इमान खलीफ हिच्यावर जगाने चिखल उडवला. या तिघींपैकी एकही ट्रान्स नाही. तिघीही जन्मापासून मुलगी म्हणून नोंदलेल्या, मुलगी म्हणून वाढलेल्या. काही स्त्रियांच्या शरीरात जन्मतः गुणसूत्रांची किंवा हार्मोनची रचना वेगळी असते. तो संपूर्ण वेगळा विषय आहे, त्याचे नियम वेगळे आहेत. व्हॉट्सॲपवर हे सगळं एकाच टोपलीत टाकून फिरवतात, आणि मग गावातली उंच, भरड आवाजाची प्रत्येक मुलगी संशयित ठरते. तुमच्याकडे आलेल्या आयांना हे जरूर सांगा, कारण उद्या बोट त्यांच्याच मुलीकडे वळू शकतं.

जागतिक ॲथलेटिक्सने सप्टेंबर २०२५ पासून जागतिक दर्जाच्या महिला गटासाठी एकदाच करायची जनुकीय चाचणी आणली आहे. गालाच्या आतून कापसाने नमुना घेतात. कपडे उतरवून बघण्यापेक्षा हे हजारपट बरं. पण तिथेही जपून. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये ३,३८७ स्त्रियांची अशी चाचणी झाली, आठ जणींचा निकाल वेगळा आला, आणि शेवटी आठही जणींना खेळू दिलं. एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या शरीराबद्दल आयुष्य बदलणारी गोष्ट स्पर्धेच्या तंबूत कळावी, हे मला मान्य नाही. जिल्हा पातळीवर अशी चाचणी कोणी सुचवली तर तुम्ही ठाम नाही म्हणा.

तर इथपर्यंतचं एका वाक्यात: गट शरीरासाठी आहे, वयात येणं हा कळीचा टप्पा आहे, आणि संशयाने मुली तपासणं कोणत्याही बाजूने चालणार नाही. आता तुमच्या विद्यार्थिनीकडे येते.

सगळ्यात आधी तिच्याशी बोला, तिच्या आईवडिलांसमोर. तिला नक्की काय हवंय ते विचारा. धावायला मिळावं, मैत्रिणींसोबत असावं, की जिल्ह्याला पदक हवंय? माझ्या अनुभवात या वयाच्या मुलांचं उत्तर पहिल्या दोनांत असतं आणि मोठी माणसं तिसऱ्यावर भांडत असतात. मग आईवडिलांना सांगा की हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरांना भेटले नसतील तर भेटा. तिचे रिपोर्ट शाळेत मागू नका, फाइलमध्ये लावू नका, स्टाफरूममध्ये त्यावर चर्चा होऊ देऊ नका. काय आणि किती सांगायचं ते घरचे ठरवतील.

ती अजून वयात आलेली नसेल, किंवा डॉक्टरांनी ते वेळीच थांबवलं असेल, तर माझ्या लेखी तिला मुलींत न धावू देण्याला कारणच उरत नाही, आणि मी तिच्या बाजूने भांडेन. पण साडेचौदाव्या वर्षी बहुतेक मुलांचं शरीर बदलायला लागलेलं असतं, काहींचं बरंच पुढे गेलेलं असतं. तिचंही तसं असण्याची शक्यता जास्त आहे. हे तिला गोड बोलून लपवू नका. आज लपवलंत तर उद्या विभागीय स्पर्धेच्या कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधी हजेरी घेतात तिथे, शंभर लोकांसमोर, कोणी परका ते सांगेल.

शाळेच्या क्रीडादिनाला तिला मुलींबरोबर धावू द्या. सराव मुलींबरोबर, कपडे बदलायला स्वतंत्र बंद खोली. शक्यतो ती सगळ्यांनाच वापरू द्या, म्हणजे तिच्या एकटीवर शिक्का बसत नाही. तिथे कोणाची नोकरी अडलेली नाही. पालकांना फारच आक्षेप असेल तर त्या एका दिवसासाठी नंबर काढू नका, प्रत्येकीला तिची स्वतःची वेळ लिहून द्या. मी हे केलंय. मुलांना स्वतःची वेळ दोन सेकंदांनी सुधारली याचा आनंद नंबरापेक्षा कमी नसतो.

जिल्हा स्पर्धेचं वेगळं आहे. तिथून विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी साखळी सुरू होते. दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि पुढे सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण याच साखळीला जोडलेलं आहे. अंतिम फेरीत आठ लेन असतात. नववी मुलगी बाहेर राहते. आपल्याकडे ती नववी मुलगी बहुतेक वेळा शेतमजुराची किंवा ऑटोवाल्याची असते आणि धावणं हीच तिची शिडी असते. "ट्रान्स खेळाडू असतातच किती?" हा प्रश्न मला कोणी विचारला की मी मान्य करते, फारच थोड्या. अमेरिकेत पाच लाखांवर महाविद्यालयीन खेळाडूंमध्ये दहाहून कमी असल्याचं तिथल्या संघटनेच्या प्रमुखांनीच २०२४ मध्ये सांगितलं होतं. त्यामुळे आभाळ कोसळलंय असं ओरडणं चूक आहे. पण ज्या एका शर्यतीत ती लेन जाते, त्या मुलीसाठी आकडा एकच असतो.

म्हणून प्रवेशिका भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना मुख्याध्यापकांच्या सहीने पत्र द्या. तोंडी बोलून थांबू नका. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याच्या कलम १३ चा उल्लेख करा. त्यात मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनी या विद्यार्थ्यांना खेळाची संधी भेदभाव न करता द्यायची असं म्हटलंय. कोणत्या गटात ते मात्र त्यात लिहिलेलं नाही, म्हणूनच निर्णय लेखी मागायचा. केरळमध्ये २०२२ ला एका ट्रान्स ज्युडो खेळाडूच्या प्रकरणात तिथल्या उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात म्हटलं की आयोजकांनी वेगळा गट ठेवला नसेल तर तिने निवडलेल्या गटात तिला खेळू द्यावं लागेल. म्हणजे कायद्याच्या अंगाने हा प्रश्न मिटलेला नाही, आणि माझं मत हा कायदा नाही. पत्रात एक पर्याय तुम्हीच सुचवा: मुलींच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, रिकाम्या लेनमध्ये तिला स्पर्धेबाहेरची धावपटू म्हणून धावू द्यावं, वेळ अधिकृत घ्यावी, क्रमांक देऊ नये. मला हा मार्ग सगळ्यात माणुसकीचा वाटतो. मिळेलच याची खात्री नाही, पण मागितल्याशिवाय नक्कीच मिळणार नाही.

"वेगळा गट करा" असं कोणी सहज म्हणेल. जलतरणवाल्यांनी २०२३ मध्ये बर्लिनच्या स्पर्धेत खुला गट ठेवला होता. एकही नाव आलं नाही. आपल्या जिल्ह्यात त्या गटात ती एकटी धावणार आणि एकटीच पहिली येणार. चौदा वर्षांच्या मुलीला अख्ख्या स्टेडियमसमोर एकटं धावायला लावणं ही मला शिक्षा वाटते. मुलांच्या गटात धावायचं का, हेही तिलाच ठरवू द्या. काही जणी धावतात, बऱ्याच जणी त्यापेक्षा खेळ सोडतात. तिने हो म्हटलंच, तर तिच्या नावाची हाक, तिचा पोशाख आणि कॉल रूममध्ये तिच्याशी कोण कसं बोलेल, याची जबाबदारी तुमची. तुम्ही स्वतः तिच्याबरोबर आत जा.

त्या दोन आयांना परत बोलवा. त्यांना सांगा की तुमच्या मुलींची लेन मला महत्त्वाची आहे आणि मी ती जपतोय, लेखी जपतोय. हे आधी सांगा, कारण त्यांची भीती खरी आहे आणि आजवर कोणी ती ऐकून घेतलेली नाही, त्यांना फक्त मागासलेल्या ठरवलंय. मग तितक्याच स्पष्टपणे सांगा की शाळेत तिला "तो" म्हणायचं नाही, टाळ्या वाजवून दाखवायच्या नाहीत, तिचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. तसं झालं तर तुम्ही तक्रार करणार. बहुतेक आया ऐकतात. माझ्या बॅचमधल्या एका आईने महिनाभर कुरकुर केली होती. नंतर तीच रविवारी त्या भरतीवाल्या पोरीसाठीही डब्यात दोन पराठे जास्त आणायला लागली.

पत्राचा मसुदा तयार झाला की मला दाखवा, एकत्र बघू. आणि तिची गेल्या सहा महिन्यांतली ४०० ची टायमिंग्ज असतील तर तीही पाठवा. गटाचं काहीही ठरो, शेवटचे १५० मीटर कसे धावायचे हे तिला शिकायचंच आहे. दर रविवारी सकाळी साडेपाचला मी मानकापूरला असते. त्या दोन मुलींनाही सोबत आणा.